चोविसावा नंबर : माणसातल्या चांगल्याची मोजदाद करणारी माणसं

अर्धविराम

गेल्या आठवड्यात झोप येईना म्हणून ती चोवीस गुणांची चाचणी देऊन टाकली. व्हीआयए ('व्हॅल्यूज इन ॲक्शन') म्हणतात ती, आपल्यातले चांगले गुण मोजणारी. स्वतःबद्दलची वाक्यं येतात आणि 'अगदी माझ्यासारखं'पासून 'अजिबात माझ्यासारखं नाही'पर्यंतचं एक काहीतरी टिचकवायचं. शेवटी आपल्या गुणांची उतरंड हातात पडते. माझा पहिला नंबर कुतूहल. बरं वाटलं. मग खाली खाली सरकत गेलो. चोविसावा : आत्मसंयम.

रात्री दीड वाजता झोपायचं सोडून चाचण्या देणाऱ्याला हे सांगायला चाचणी कशाला हवी म्हणा. पण लागलं जरा मनाला. आणि कुतूहल पहिलं असल्यामुळे ही उतरंड रचली तरी कोणी, हे खणत बसलो. चार रात्री गेल्या. त्याचा हा धागा.

कुठेही शोधा, नाव एकच येतं : मार्टिन सेलिगमन, सकारात्मक मानसशास्त्राचे, म्हणजे आजारापेक्षा माणसातलं चांगलं अभ्यासणाऱ्या शाखेचे, जनक वगैरे. मला मात्र वाचता वाचता वाटायला लागलं की घरावर पाटी एकाची आहे आणि विटा दुसऱ्यानेच वाहिल्यात.

गोष्ट सुरू होते कुत्र्यांपासून. १९६७, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुणांनी कुत्र्यांना पट्ट्यांत अडकवून विजेचे झटके दिले. (आज असा प्रयोग कोणी करू देणार नाही, देऊही नये.) एका गटाला डोक्याने फळी दाबून झटका थांबवता यायचा. दुसऱ्या गटाला झटके तेवढेच, पण फळी दाबून काही होत नसे. तिसऱ्याला झटकेच नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना दोन कप्प्यांच्या पेटीत सोडलं. मधला आडोसा उडी मारून ओलांडला की झटक्यातून सुटका. पहिला आणि तिसरा गट बघता बघता उड्या मारायला शिकला. दुसऱ्या गटातल्या आठपैकी सहा कुत्र्यांनी थोडी धडपड केली आणि मग खाली बसून झटके सोसले. आडोसा समोर होता, पाय धड होते, तरी उठली नाहीत. याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं आणि पुढे नैराश्य समजून घ्यायला ते फार वापरलं गेलं.

गाजावाजा त्या सहांचा झाला. उरलेली दोन का बसली नाहीत, हा प्रश्न मागेच राहिला. इतके झटके खाऊनही काही जण हार मानत नाहीत ते का, इथून सेलिगमन आशावादाकडे वळले. संकट आलं की आपण स्वतःला त्याचं कारण काय सांगतो, 'हे नेहमीच असं होणार' की 'या वेळी असं झालं', यावर त्यांनी पुढची बरीच वर्षं काम केलं.

१९९८ मध्ये ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष झाले आणि म्हणाले की दुसऱ्या महायुद्धापासून आपण आजारच तपासत बसलोय, धड जगणाऱ्या माणसाकडे कोणी बघितलंच नाही. इथे ती बागेची गोष्ट येते. ते तण उपटत होते, पाच वर्षांची मुलगी ते तण हवेत उडवत नाचत होती, हे तिच्यावर खेकसले. थोड्या वेळाने ती परत आली आणि म्हणाली की पाचवा वाढदिवस झाला तेव्हा मी रडगाणं बंद करायचं ठरवलं आणि केलं, मग तुम्हाला कुरकुर बंद करायला काय होतं? गोष्ट गोड आहे. फक्त इतक्यांदा सांगून झालीय की तिचे सगळे कंगोरे झिजलेत.

आता विटा. मनोविकारांची जाडजूड सूची आहे, मग माणसातल्या चांगल्याची का नको, असा प्रश्न होता. नील मेयरसन यांच्या कुटुंबाच्या प्रतिष्ठानने पैसे दिले. काम अंगावर घेतलं ख्रिस्तोफर पीटरसन यांनी. मिशिगन विद्यापीठातला माणूस, तिथली नोकरी बाजूला ठेवून या कामाला बसला. गटाने जुने ग्रंथ धुंडाळले : कन्फ्यूशियस, ताओ, बौद्ध, हिंदू, ग्रीक, ज्यू, ख्रिस्ती, इस्लामी. मी त्यांच्या प्रेमात पडलो ते मात्र पुढच्या यादीमुळे. शुभेच्छापत्रांवरचे मजकूर, गाड्यांच्या मागे चिकटवलेली वाक्यं, लग्नाच्या जाहिरातींसारख्या 'जोडीदार पाहिजे' जाहिराती, भिंतींवर खरडलेलं, टॅरो पत्ते आणि पोकेमॉनच्या पात्रांची वर्णनं! जिथे म्हणून माणूस 'हे चांगलं' असं म्हणतो तिथे तिथे जाऊन बघितलं. टरफलं बाजूला करून दाणे गोळा करायचं हे काम भाषणात मिरवण्यासारखं नसतं.

मग चाळणी. त्यांनी दहा कसोट्या लावल्या. गुण दुसऱ्यात दिसला तर बघणारा खुजा होता कामा नये. गुणाचा विरुद्ध शब्द स्वतःच चांगला निघता कामा नये. लवचिकपणा घ्या. त्याच्या उलट ठामपणा, तोही चांगलाच; म्हणून लवचिकपणा बाद. आणि मला सगळ्यात आवडलेली : जगात काही माणसं अशी सापडली पाहिजेत की ज्यांच्यात हा गुण औषधालाही नाही. (अशी माणसं शोधायला त्यांना फार लांब जावं लागलं नसणार.)

यातून सहा सद्गुण आणि त्यांच्या पोटात चोवीस गुण उरले. २००४ मध्ये पीटरसन-सेलिगमन यांचा आठशे पानांच्या आसपासचा ग्रंथ आला. मुखपृष्ठावर पीटरसन यांचं नाव आधी आहे. लोक उलटं सांगतात.

आणि माझा चोविसावा नंबर? २००६ मध्ये नानसूक पार्क, पीटरसन आणि सेलिगमन यांनी ५४ देशांतल्या १,१७,६७६ लोकांची उत्तरं तपासली. जवळपास सगळीकडे वरचे गुण तेच : दयाळूपणा, न्यायबुद्धी, प्रामाणिकपणा, कृतज्ञता, सारासार विचार. तळाला सावधपणा, विनय आणि आत्मसंयम. म्हणजे लाखभर माणसं माझ्याच बाकावर बसलीत. त्या रात्री लगेच झोप लागली.

पानगळ

वा, मस्त. पोकेमॉन वाचून खुर्चीत हलले. एक शंका. हे सगळं स्वतःच स्वतःला दिलेले मार्क ना? 'मी दयाळू आहे' असं कोण नाही म्हणणार?

टिचकी

पानगळताई, नेमकं बोललात.

आमच्या कचेरीत दोन वर्षांपूर्वी याचं प्रशिक्षण झालं. एक दिवस सगळ्यांना चाचणी, दुसऱ्या दिवशी आपापले पहिले पाच गुण रंगीत कागदावर लिहून टेबलावर लावायचे. माझ्या शेजाऱ्याच्या टेबलावर 'चिकाटी' लागली. त्याच महिन्यात आमच्या विभागातली चार माणसं कमी केली आणि त्यांचं काम उरलेल्यांच्या गळ्यात घातलं. साहेब येऊन म्हणाले, तुझी चिकाटी आहेच! कागद अजून तिथेच आहे, एक कोपरा सुटलाय. माझा राग सेलिगमन-पीटरसन यांच्यावर नाही. पण पगारवाढ मागितली की कृतज्ञता शिकवणाऱ्यांना हे शास्त्र फार सोयीचं पडतं, हे लिहून ठेवतो.

कोरी पाटी

(मानसशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून जरा लांबेल. सांभाळून घ्या.)

टिचकी, तुमच्या मुद्द्यावर एक बाई आठवल्या. मारी याहोडा. धाग्यात त्यांचं नाव नाही, पण सेलिगमन यांच्या चाळीस वर्षं आधी, १९५८ मध्ये, अमेरिकेतल्या एका आयोगासाठी त्यांनी लिहिलं होतं की आजार नसणं म्हणजे मानसिक आरोग्य असणं नव्हे. नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. स्वतःकडे बघण्याची दृष्टी, वाढ, स्वायत्तता, वास्तवाचं भान असे सहा निकष मांडले.

त्यांचं आधीचं काम तर भारीच. ऑस्ट्रियात मारिएंटाल नावाचं गाव होतं, अख्खं गाव एका गिरणीवर जगणारं. गिरणी बंद पडली. १९३० च्या सुमारास याहोडा आणि त्यांचे सहकारी तिथे गेले. रस्त्यावर नजर ठेवून कोण किती भरभर चालतं, किती वेळा थांबतं हे टिपलं. बाया कामाच्या लगबगीत, पुरुष रेंगाळणारे, दर थोड्या अंतरावर थबकणारे. पुष्कळ पुरुषांनी घड्याळ वापरणंच सोडलं होतं. वाचनालयाची वर्गणी माफ केली होती आणि हाताशी वेळच वेळ होता, तरी पुस्तकं नेणं कमी झालं.

आता या माणसांना 'तुमचे पहिले पाच गुण कोणते' विचारून काय होणार होतं? ज्या बाईने हे डोळ्यांनी बघितलं तिने पुढे धडधाकट मनाची व्याख्या केली, म्हणून मला तिची व्याख्या जास्त पटते. माणसाला तिने गिरणीपासून तोडलं नाही.

अवांतर : 'पॉझिटिव्ह सायकॉलॉजी' हा शब्दही सेलिगमन यांचा नाही. मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९५४ मध्येच एका प्रकरणाच्या मथळ्यात वापरलाय.

अर्धविराम

कोरी पाटी, दंडवत. याहोडा पूर्ण सुटल्या माझ्या हातून. टिचकी, तुमचा शेजारी डोक्यातून जाईना.

पानगळ, शंका रास्त आहे. एक बचाव असा की इथे स्पर्धा आपली आपल्याशीच असते. सगळेच 'मी दयाळू' म्हणाले तरी दयाळूपणा माझ्यात कुतूहलाच्या वर की खाली, एवढंच उतरंड सांगते. तुमच्यापेक्षा मी दयाळू की नाही, हे ती सांगत नाही. बचाव लंगडा आहे, कबूल.

जुना जाणता

हे चारित्र्य प्रकरण मानसशास्त्रातून मुळात गेलं का होतं, ते कोणी सांगेल का? आमच्या लहानपणी तर सगळं शिक्षण त्याच शब्दाभोवती.

कोरी पाटी

काका, दोन कारणं सांगते.

एक, गॉर्डन ऑलपोर्ट, व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांचं म्हणणं, चारित्र्य म्हणजे मूल्यमापन केलेलं व्यक्तिमत्त्व. शास्त्रज्ञाने मूल्यमापन बाजूला ठेवून नुसतं व्यक्तिमत्त्व अभ्यासावं. १९३६ मध्ये त्यांनी आणि ऑडबर्ट यांनी शब्दकोश चाळून माणसाच्या वागण्या-स्वभावाचे सुमारे १८ हजार शब्द काढले. त्यात नुसतं बरं-वाईट ठरवणारे शब्द वेगळ्या रकान्यात टाकले. पीटरसन यांनी नेमका तोच रकाना पुन्हा उघडला असं मला वाटतं.

दुसरं जास्त बोचरं. १९२० च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे यांनी दहा हजारांहून अधिक मुलांना लबाडी करायची संधी देऊन बघितली. परीक्षेत, खेळात, घरी नेलेल्या कामात. परीक्षेत कॉपी करणारं पोर खेळातही लबाडी करेलच असं दिसलं नाही. प्रामाणिक मूल आणि लबाड मूल अशी सरळ विभागणीच होईना. मग 'चारित्र्य' म्हणून काही एकसंध चीज आहे का, असा संशय आला तो टिकला.

ऑलपोर्ट यांची एक गंमत सांगायचा मोह होतोय. बावीस वर्षांचे असताना ते व्हिएन्नाला फ्रॉइडना भेटायला गेले. फ्रॉइड गप्प बसलेले. काहीतरी बोलायचं म्हणून ट्राममध्ये दिसलेल्या, घाणीला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची गोष्ट सांगितली. फ्रॉइडनी शांतपणे विचारलं, "तो मुलगा तुम्हीच होता का?" ऑलपोर्ट अवाक. फार खोल खणण्याआधी माणूस समोर काय सांगतोय ते तरी ऐका, हा धडा त्यांनी त्यातून घेतला.

जुना जाणता

वा! ती हार्टशॉर्न-मेची पोरं मी ओळखतो. चाळीस वर्षं शिकवलंय.

दशांश

सगळं गोड गोड चाललंय, म्हणून मीठ टाकतो.

२००५ मध्ये बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्शल लोसाडा यांनी शोधनिबंध छापला. सुखद आणि दुःखद भावनांचं प्रमाण २.९०१३ च्या वर असेल तर माणूस बहरतो आणि ११.६३४६ च्या वर गेलं तर पुन्हा बिनसतं. चार दशांश स्थळं! माझा वजनकाटाही इतकं नेमकं सांगत नाही. हे आकडे कुठून आले, तर हवेच्या प्रवाहासाठी बनवलेल्या लॉरेन्झच्या समीकरणांतून. आणि छापलं त्या क्षेत्राच्या सगळ्यात मानाच्या नियतकालिकात, शेकडो ठिकाणी उल्लेख, व्याख्यानांत 'तीनास एक' हा मंत्र.

पकडलं कोणी? निक ब्राउन. पन्नाशी ओलांडलेला, आयुष्य संगणकाच्या नोकरीत गेलेला गृहस्थ, हौसेने याच विषयात अर्धवेळ पदव्युत्तर शिक्षण घेत होता. वर्गात ते गणित दाखवलं आणि याच्या डोक्यात किडा वळवळला. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांना सोबत घेऊन २०१३ मध्ये त्याने ती समीकरणं तिथे लागूच होत नाहीत हे दाखवलं. गणिताचा भाग मागे घ्यावा लागला. सुखद भावनांमुळे विचारांचा आवाका वाढतो हा फ्रेडरिकसन यांचा मूळ सिद्धांत वेगळा, तो त्याने पडत नाही. पण आठ वर्षं एकालाही शंका येऊ नये?

तुमच्या चोवीस गुणांचंही थोडं. उत्तरांचं सांख्यिकी विश्लेषण केलं की सहा सद्गुणांचे सहा गठ्ठे नीट पडत नाहीत. रॉबर्ट मॅकग्रा यांच्या विश्लेषणात तीन पडले : माया, जिज्ञासा, संयम. सहा हा आकडा ग्रंथांतून आलाय, लोकांच्या उत्तरांतून नाही.

टिचकी

दशांश +१. निक ब्राउन यांचा गुण कोणता म्हणायचा? चिकाटी की खवचटपणा?

दशांश

खवचटपणा यादीत नाही. मोठी उणीव.

निवांत

कोणी मानसशास्त्रज्ञ चिकसेंटमिहाय यांचं नाव कसं घेतलं नाही? (टंकायला भीती वाटली असेल.) जानेवारी २००० मध्ये 'अमेरिकन सायकॉलॉजिस्ट' नियतकालिकाचा सकारात्मक मानसशास्त्रावर विशेषांक निघाला, त्याचे संपादक सेलिगमन आणि ते, दोघं मिळून. चिकसेंटमिहाय यांची आठवण युद्धाची : लहानपणी युरोपात बघितलं की मानमरातब असलेली मोठी माणसं नोकरी-पैसा गेल्यावर पार कोसळतात आणि काही जण उभी राहतात. पुढे चित्रकारांचा अभ्यास करताना दिसलं की चित्र रंगात आलं की माणूस भूक-थकवा विसरतो आणि चित्र पूर्ण झालं की त्यातला रसच संपतो. त्यातून 'फ्लो' आला. मराठीत तल्लीनता म्हणू.

मला आवडते ती त्यांची रीत. लोकांच्या कमरेला पेजर लावले. दिवसातून अवचित कधीही वाजणार, वाजला की तत्क्षणी काय करताय आणि कसं वाटतंय ते लिहायचं. 'तुम्ही सुखी आहात का' असं वर्षाअखेर विचारण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पानगळताईंच्या शंकेवरही थोडा उतारा.

सांजवात

बरेच दिवस फक्त वाचते इथे. पहिल्यांदाच लिहितेय.

धागा वाचून काल चाचणी दिली. माझे शेवटचे दोन : आशा आणि उत्साह. पुढे शोधलं तर कळलं की आयुष्यातल्या समाधानाशी सगळ्यात घट्ट नातं असलेले गुण म्हणजे आशा, उत्साह, कृतज्ञता, प्रेम, कुतूहल. म्हणजे अर्धविराम यांच्या बाकावर लाखभर लोक आहेत. माझ्या बाकावर कोण आहे? चेष्टा नाही करत. हे वर्ष कठीण गेलंय.

कोरी पाटी

सांजवातताई, बरं केलंत लिहिलंत.

शास्त्रापुरतं सांगते. ते नातं सांख्यिकी आहे आणि ते दोन्ही बाजूंनी वाहू शकतं. वर्ष वाईट गेलं की आशा-उत्साह खाली जाणारच. खाली गेले म्हणून वर्ष वाईट गेलं, असं त्यातून निघत नाही. आणि हे आकडे दगडावर कोरलेले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर दोन महिन्यांत अमेरिकेतल्या लोकांच्या उत्तरांत आशा, कृतज्ञता, दयाळूपणा, प्रेम असे सात गुण वर गेलेले पीटरसन आणि सेलिगमन यांना दिसले. दहा महिन्यांनी थोडे उतरले, तरी आधीपेक्षा वरच. म्हणजे काळ बदलला की हे आकडेही बदलू शकतात.

२००५ चा एक प्रयोग आहे, ५७७ जणांवरचा. रोज रात्री दिवसातल्या तीन बऱ्या गोष्टी आणि त्या का घडल्या हे लिहायचं, आठवडाभर. त्या गटाला सहा महिन्यांनीही फरक दिसला. दशांशदादा बोलायच्या आत मीच सांगते : २०१२ मध्ये तो पुन्हा करून बघितला तेव्हा लोकांना बरं वाटलं खरं, पण जुन्या चांगल्या आठवणी लिहिणाऱ्यांनाही तेवढंच वाटलं. थोडक्यात, करून बघायला हरकत नाही, चमत्काराची अपेक्षा नको. आणि सकाळी उठणंच जड होत असेल तर चाचणी बंद करून डॉक्टरांना भेटा, कृपया.

अर्धविराम

सांजवातताई, धाग्यात दोन भाग लांबी वाढेल म्हणून गाळले होते, ते तुमच्यासाठी लिहितो.

पहिला. तशी खाली बसलेली काही कुत्री पुढे बरी झाली. कशी? आडोशापलीकडे खाऊ टाकून पाहिलं, उपयोग झाला नाही. शेवटी त्यांच्या गळ्यात दोरी बांधून त्यांना ओढत पलीकडे नेलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला पूर्ण ओझं ओढणाऱ्याच्या हातावर. मग हळूहळू कमी जोर लागायला लागला आणि एका क्षणी कुत्रं आपणहून उडी मारायला लागलं.

दुसरा. २०१६ मध्ये, पन्नास वर्षांनी, मायर आणि सेलिगमन यांनीच लिहिलं की आमची मूळ कल्पना उलटी होती. मधल्या काळात मायर मेंदूच्या अभ्यासात उतरले होते. त्यांना दिसलं की लांबलेल्या त्रासात गळून जाणं हे कोणी शिकत नाही, ती सस्तन प्राण्याची मूळची प्रतिक्रियाच आहे. शिकावं लागतं ते 'माझ्या हातात काही आहे' हे. ते कळलं की मेंदूचा पुढचा भाग त्या गळाठ्याला आवर घालतो. म्हणजे तळाला आशा असणं हा तुमचा दोष नाही, सगळ्यांचा पायाच तिथे आहे.

पीटरसन २०१२ मध्ये गेले, बासष्टाव्या वर्षी. सकारात्मक मानसशास्त्र तीन शब्दांत सांगा म्हटलं की ते म्हणायचे, 'अदर पीपल मॅटर'. दुसरी माणसं महत्त्वाची. मला त्या ओळीत ती दोरी ओढणारा हात दिसतो.

टिचकी

सांजवात, तुमच्या बाकावर मी आहे. उत्साह तेविसावा. सरका जरा.

दशांश

मी चाचणी दिलेली नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. पण बाक कुठला ते सांगा, येतो.

सांजवात

:) वाचलं सगळ्यांचं. मंगळवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. तीन गोष्टी आज लिहिल्या. तिसरी सुचेना, मग हा धागा लिहिला.

पानगळ

अर्धविराम, पहाटेचे पावणेतीन वाजलेत. आत्मसंयम!